डर्ट रेस : मातीतली मोटारसायकल शर्यत

डर्ट रेस म्हणजे डांबरावर न होता मातीत होणारी मोटारसायकलची शर्यत. मोटोक्रॉस, सुपरक्रॉस, डर्ट ट्रॅक, एंड्युरो असे तिचे बरेच भाऊबंद आहेत, चारचाकीतली रॅली नि ऑटोक्रॉस पण त्याच भावकीतले, पण सगळ्यांत मूळ गोष्ट एकच की खाली रस्ता पक्का नाही. डांबरी ट्रॅक पहिल्या लॅपला (फेरीला) असतो तसाच जवळपास विसाव्या लॅपला असतो. मातीत प्रत्येक गाडी जाताना थोडा रस्ता खरवडून नेते, त्यामुळे पहिल्या लॅपला जिथनं लाईन बरोबर बसली होती तिथं पाचव्या लॅपला गुडघाभर चर पडलेली असते.

सातारा-सांगलीकडच्या माणसाला हे फार फोडून सांगावं लागत नाही. इथली बैलगाडी शर्यत ज्यानं बघितलीय त्याला तास म्हणजे काय ते माहीत असतं (गाड्या पळायची एकेक पट्टी, तिचा नंबर चिठ्ठीवर निघतो), आणि कुठल्या तासाला माती भुसभुशीत आहे, कुठल्या तासाला गाडी लागते यावर फायनलच्या आधी तासभर हुज्जत घालणारी माणसं गावोगाव आहेत. बैलगाडी हाकणाऱ्याला पण इकडं ड्रायव्हरच म्हणतात. गट, सेमी, फायनल हे शब्द तेच, आदत (अजून दात न लावलेल्या कोवळ्या) बैलाला ओपनच्या बैलांत न सोडता वेगळं पळवायचं हा विचार पण तोच, फक्त डर्ट रेसमध्ये त्याला नोव्हिस (नवखे) आणि एक्स्पर्ट (मुरलेले) म्हणतात आणि दाताऐवजी इंजिनाचे सीसी बघतात.

सुरुवात कुठं झाली

मोटारींची शर्यत मोटारीइतकीच जुनी आहे. १८९४ ला पॅरिस ते रूआँ अशी १२६ किलोमीटरची स्पर्धा झाली, पुढच्याच वर्षी पॅरिस-बोर्दो-पॅरिस, ती जवळजवळ १२०० किलोमीटरची, आणि त्यात लेव्हासर नावाचा गडी ४८ तासांच्या वर जवळपास एकट्यानं गाडी हाकत पहिला आला. तेव्हाचे रस्ते धुळीचेच होते, म्हणजे खरं तर सगळीच रेस डर्ट रेस होती. १९०७ ला इंग्लंडात ब्रुकलँड्सचा बांधीव ट्रॅक झाला, त्याच वर्षी आयल ऑफ मॅन बेटावर टीटी (टुरिस्ट ट्रॉफी) ही मोटारसायकलची शर्यत सुरू झाली आणि हळूहळू मोठी रेस डांबर-काँक्रीटवर गेली.

माती मागं राहिली ती मोटारसायकलवाल्यांकडं. यॉर्कशायरात स्कॉट ट्रायल नावाची जुनी स्पर्धा होती, तिच्यात वेग आणि कसब दोन्हीचे मार्क असायचे. १९२४ च्या मार्चमध्ये सरे परगण्यातल्या कॅम्बर्लीजवळ तिथल्या क्लबनं तसलीच स्पर्धा घेतली, पण कसबाचे मार्क काढून टाकले, जो पहिला येईल तो जिंकला. मग तिला ट्रायल म्हणता येईना, म्हणून नाव पडलं स्क्रॅम्बल, म्हणजे धडपडत, रेटारेटी करत पुढं सरकणं. नाव इतकं बरोबर बसलंय की बदलायला नको होतं, पण फ्रेंचांनी मोटरसायकल आणि क्रॉसकंट्री जोडून मोटोक्रॉस केलं आणि जगभर तेच चाललं. १९४७ ला हॉलंडमध्ये देशादेशांची पहिली मोटोक्रॉस ऑफ नेशन्स झाली, ती ब्रिटननं जिंकली, आणि १९५७ पासून ५०० सीसीची वर्ल्ड चॅम्पियनशिप सुरू झाली.

त्यानंतर बराच काळ बेल्जियमचा. ज्योएल रॉबर्टनं सहा वर्ल्ड टायटल घेतली, रॉजर डी कोस्टरनं ५०० सीसीत पाच, पुढं स्टेफान एव्हर्ट्सनं दहा. एवढ्याशा देशातून एवढे चॅम्पियन का, तर तिथं वाळूचे ट्रॅक, आणि वाळूत जो सराव करतो त्याला बाकी माती सोपी जाते. माण-खटावच्या माळावर पळालेला बैल नदीकाठच्या मैदानात उडून चालतो म्हणतात तसाच हा प्रकार असावा, हा आपला माझा अंदाज.

१९७० ला रॉबर्टनं सुझुकीवर २५० सीसीचं टायटल मारलं आणि जपानी कंपन्या मातीत उतरल्या त्या उतरल्याच. १९७३ ला यामाहानं मागं दोन शॉकअपच्या जागी सीटखाली एकच लांब शॉकअप दिलं, त्या मोनोशॉकवर हाकान आंदरसन २५० चा चॅम्पियन झाला. आज रस्त्यावरच्या प्रत्येक दुसऱ्या बाईकला मोनोशॉक असतो, तो मातीतनं आलाय हे शोरूमवाला सांगत नाही. त्याच्या एक वर्ष आधी, १९७२ ला, अमेरिकेत लॉस एंजलिसच्या कोलोझियम स्टेडियममध्ये ट्रकांनी माती आणून ओतली आणि आत ट्रॅक बांधून रात्रीच्या लाईटात रेस घेतली. लोकांना खुर्चीत बसून सगळा ट्रॅक दिसायला लागला. तोच सुपरक्रॉस.

माती आणि ट्रॅक

हे नीट लिहितो कारण बघणाऱ्याला फक्त उड्या दिसतात. ट्रॅकची माती आदल्या दिवशी तयार होते. नुसता मुरूम टाकला तर वरचा थर सुटतो, खडे उडतात नि मागच्याच्या तोंडावर येतात. नुसती कृष्णाकाठची काळी माती टाकली तर पाणी कमी झालं की ढेकूळ आणि जास्त झालं की असा राडा की टायर आणि मडगार्डच्या मधे चिखल गच्च बसून चाकच फिरायचं थांबतं, ऊस भरलेली ट्रॉली पावसानंतर शेतातनं बाहेर काढताना ज्यांनी बघितलीय त्यांनी तेच डोळ्यांपुढं आणा. म्हणून मुरूम आणि काळी मिसळायची, जेसीबीनं ढीग लावून आकार द्यायचा, संध्याकाळी टँकरनं पाणी मारायचं आणि रात्रभर मुरू द्यायचं. सकाळी मूठभर माती दाबली तर लाडू वळला पाहिजे पण हाताला चिकटायला नको. एकदा विट्याच्या पुढं एका माळावर पोरांनी लावलेली छोटी स्पर्धा बघायला गेलो होतो, तिथं टँकर रात्री यायचा तो सकाळी अकराला आला, वरनं भसाभस पाणी सोडलं, खाली कोरडं ठाक आणि वर साबण. पहिल्या वळणाला सात जण एकावर एक. कुणाला फार लागलं नाही, पण नंतर दोन तास नुसती धूळ नि भांडणं.

ट्रॅकवर मातीचे ठरलेले आकार असतात. चढ, सपाट माथा आणि उतार असा टेबलटॉप, त्यात उडी कमी पडली तरी माथ्यावर पडता येतं. डबल म्हणजे दोन उंचवटे आणि मधे खड्डा, तिथं कमी पडला तर खेळ खलास. हूप्स म्हणजे ओळीनं छोटे छोटे उंचवटे, त्यावरून गाडी शेंड्याशेंड्यावरनं न्यायची, वेग कमी केला की उलट जास्त आपटतं. आणि वळणाला बाहेरच्या बाजूला मातीचा बांध, बर्म, त्याला गाडी टेकवून वेग न मोडता वळायचं. आतनं गेलं तर अंतर कमी, बर्मवरनं गेलं तर वेग टिकतो, अर्धी रेस या निवडीवरच चालते.

हवेत गाडी रायडरच्या हातात नसते असं वाटतं, पण असते. गाडी उडालेली असताना नाक खाली जायला लागलं की रायडर ॲक्सिलरेटर पिळतो, मागचं चाक जोरात फिरतं आणि त्याच्या उलट बाजूला सगळी गाडी फिरून नाक वर येतं. नाक जास्तच वर आलं तर मागचा ब्रेक दाबायचा, फिरणारं चाक थांबतं आणि नाक खाली. पायाच्या बोटाएवढं दाबणं, तेवढ्यावर शंभर किलोची गाडी वर-खाली होते. हे समजल्यावर उड्या बघायची मजा वेगळीच, आवाजावरनंच कळतं की गड्याची उडी चुकली होती आणि त्यानं सावरली.

स्टार्टला लोखंडी गेट असतं, सगळे एका रेषेत, पंधरा सेकंदाची पाटी, मग पाच सेकंदाची, आणि त्यानंतर पाच ते दहा सेकंदात कधीही गेट पडतं. म्हणजे अंदाजानं क्लच सोडला की गेटमध्येच अडकला. मोटोक्रॉसला एका वेळी चाळीसपर्यंत गाड्या असतात, वर्ल्ड चॅम्पियनशिपची एक मोटो (म्हणजे एक शर्यत) अर्धा तास अधिक दोन लॅपची. अर्धा तास ऐकायला कमी वाटतं. पण एवढा वेळ उभ्यानं गाडी चालवायची, हाताच्या पुढच्या स्नायूंत असा वात भरतो की शेवटी ब्रेकवर बोट टिकत नाही. गॉगलवर पातळ प्लास्टिकचे थर लावलेले असतात, चिखल बसला की एक ओढून फेकायचा.

आपल्याकडं

भारतात रेसिंग म्हटलं की आधी मद्रासकडचं शोलावरम, दुसऱ्या महायुद्धातली विमानाची धावपट्टी, तिच्यावर वर्षानुवर्षं रेस झाल्या, मग १९९० ला मद्रासजवळच इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक, २००३ ला कोइमतूरचा कारी, आणि २०११ ला ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट, जिथं फॉर्म्युला वन तीन वर्षं झाली, तिन्ही वर्षं व्हेटेल जिंकला आणि करमणूक कराच्या भानगडीत ती बंद पडली. आपल्या भागाला जवळचा पक्का ट्रॅक म्हणजे कोल्हापूरच्या मोहिते रेसिंग अकॅडमीचा गो-कार्टचा, तिथं नॅशनल कार्टिंगच्या राउंड झाल्यात, आणि कोल्हापूरचाच कृष्णराज महाडिक तर ब्रिटिश एफ-थ्रीपर्यंत (फॉर्म्युला थ्री) जाऊन आला.

मातीत मात्र गोष्ट वेगळी. १९८० ला नाझिर हुसेन यांनी हिमालयन रॅली सुरू केली, १९८२ ला टीव्हीएसनं स्वतःची रेसिंग टीम काढली, आणि एमआरएफच्या नावानं नॅशनल सुपरक्रॉस बरीच वर्षं शहरोशहरी फिरली. पुण्यातनं ऋग्वेद बारगुजेसारखे रायडर त्यातनंच वर आले. २०२४ च्या जानेवारीत बालेवाडीला इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी झाली. तिकडं डाकार या वाळवंटातल्या लांब पल्ल्याच्या रॅलीत २०१५ ला सी. एस. संतोष उतरला, तो पहिला भारतीय, आणि २०२४ ला हरिथ नोआनं रॅली-२ क्लास मारला. चारचाकीच्या रॅलीतल्या गौरव गिलला २०१९ ला अर्जुन पुरस्कार मिळाला, मोटरस्पोर्टला मिळालेला तो पहिलाच.

आमच्याकडं हा नाद गॅरेजमधनं आला, आणि गॅरेजमध्ये आला तो यामाहाच्या आरएक्स १०० मुळं. १९८५ ला आली, १९९६ ला बंद झाली, ९८ सीसी, अकरा हॉर्सपॉवर आणि वजन शंभर किलोच्या आसपास, टू-स्ट्रोक. साताऱ्यात राजवाड्यापासनं पोवई नाक्यापर्यंत नि सांगलीत माधवनगर रोडला हिचा आवाज ऐकून कुणाची गाडी चाललीय ते सांगणारी माणसं होती. मिस्त्री लोक सिलिंडरचे पोर्ट घासायचे, हेड घासून कॉम्प्रेशन वाढवायचे, मागचं स्प्रॉकेट मोठं बसवायचे म्हणजे पिकअप मिळतो नि टॉप जातो. मातीत टॉप लागतच नाही, सत्तरच्या वर गाडी जायला जागाच नसते, त्यामुळं डर्टसाठी हे बरोबरच होतं. मागं बटण टायर (मोठ्या गुट्ट्यांचं, मातीत धरणारं) घातलं की झाली रेसची गाडी. पण पुंगळीबद्दल (सायलेन्सरच्या आतली आवाज दाबणारी नळी) एक सांगतो. टू-स्ट्रोकचा सायलेन्सर नुसता आवाज कमी करायला नसतो, त्याच्या फुगीर पोटातनं दाबाची लाट परत फिरून सिलिंडरमधनं निसटलेलं पेट्रोल-हवेचं मिश्रण आत ढकलते, त्याचं माप इंजिनाशी जुळलेलं असतं. नुसती पुंगळी काढली की गाडी पळत नाही, आवाज पळतो. आणि हल्ली तर फोर-स्ट्रोक बुलेटच्या पुंगळ्या काढून फिरतात, त्याला रेसिंगशी काही देणंघेणं नाही, तो नुसता गल्लीला ताप.

शर्यत लावायला जागा नाही म्हणून पोरं यवतेश्वरच्या घाटात नाहीतर हायवेच्या सर्व्हिस रोडला पैजा लावतात, हे पण नोंदीत यायलाच पाहिजे. मोटार वाहन कायद्याच्या १८९ कलमाखाली परवानगीशिवाय रस्त्यावर रेस लावली तर पहिल्यांदा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, दुसऱ्यांदा वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ट्रॅकवर पडलेला गडी मातीत पडतो, त्याच्या अंगात चेस्ट गार्ड, गुडघ्यापर्यंतचे बूट, गळ्याला ब्रेस असतो, पिवळा झेंडा वर गेला की मागचे उडी मारत नाहीत. तरी कॉलरबोन मोडणं हे तिथं सर्दीसारखं आहे. घाटात समोरनं एसटी येते.

जत्रेत मोटारींचे खेळ आहेतच, म्हणजे स्लो बाईक, आणि सगळ्यांत भारी म्हणजे ट्रॉलीसकट ट्रॅक्टर उलटा पळवायचा. ट्रॉली मागं घेताना स्टिअरिंग उलटं फिरवावं लागतं, डावीकडं न्यायची तर आधी उजवीकडं, आणि वेग वाढला की ट्रॉली कोपरात मोडल्यासारखी वळते. कारखान्यावर नंबर लावून लावून ऊसवाल्या ड्रायव्हरांचा हात इतका बसलेला असतो की ते मान मागं टाकून, एका हातानं, शेताच्या बांधाएवढ्या रुंदीतनं नेतात. याला रेस म्हणायचं का नाही यावर वाद होईल, मी म्हणतो. आणि उलटा हिशोब पण बघा, बैलांच्या शर्यतीला बक्षीस मोटारीचं असतं. २०१४ ला सुप्रीम कोर्टानं बंद केलेल्या शर्यती २०२१ च्या डिसेंबरात परत सुरू झाल्या, आणि २०२३ ला खानापूर तालुक्यातल्या भाळवणीला पहिलं बक्षीस थार होतं.

उतरायचं असेल तर

खरी मोटोक्रॉसची २५० सीसी बाहेरची गाडी काही लाखांत जाते, तिला लाईट नाही, आरटीओ पासिंग नाही, ट्रॅकपर्यंत पिकअपमध्ये टाकून न्यायची. म्हणून बहुतेक जण देशी गाडीच्या क्लासनं सुरुवात करतात, हिरोची एक्सपल्स २०० आल्यापासनं ते जरा सोपं झालंय. अधिकृत स्पर्धेला मोटरस्पोर्ट फेडरेशनचं लायसन लागतं, रस्त्याचं लायसन वेगळं आणि हे वेगळं. हेल्मेट, बूट, नी-गार्ड हे पहिल्याच दिवशी लागतात, उसने चालतात पण बूट मापाचेच पाहिजेत. आणि पोरगं अठराच्या आतलं असेल तर फॉर्मवर आई-वडिलांची सही लागते. वडील गॅरेजवाल्याच्या दोन चकरा मारून, गाडी हातानं दाबून बघून तयार होतात. आईच्या सहीला सिझन निघून जातो.