स्तरबद्ध मोडेम मानकांचे अर्थनिर्णयन

संगणकातील माहिती टेलिफोनच्या तारेला पेलेल अशा संकेतात बदलणारे आणि पलीकडच्या टोकाला ती पुन्हा उलगडणारे उपकरण म्हणजे मोडेम. वेगवेगळ्या कारखान्यांच्या मोडेमचे आपसांत जमावे म्हणून आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने ‘व्ही’ मालिकेतील शिफारशी काढल्या. १९९३ पूर्वी हे काम त्याच संघाची सीसीआयटीटी ही समिती पाहत असे. या मानकांचा नेमका अर्थ लावणे प्रोग्रॅमिंग भाषेचे मानक वाचण्यापेक्षा अवघड असते. भाषेच्या मानकाचा अर्थ बहुतांशी एकाच ग्रंथात पुरा होतो. मोडेमच्या मानकांचा अर्थ निरनिराळ्या थरांवरच्या दस्तऐवजांत विखुरलेला असतो, आणि त्यातला काही भाग मुद्दामच मोकळा सोडलेला असतो.

‘सी’ भाषेचे मानक अमेरिकेत १९८९ मध्ये आणि आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेकडून १९९० मध्ये मंजूर झाले. त्यात एका काल्पनिक यंत्राचे वर्णन आहे. प्रोग्रॅमचे बाहेर दिसणारे परिणाम त्या यंत्राबरहुकूम आले की कंपायलरने, म्हणजे प्रोग्रॅमचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या साधनाने, आत काय उलाढाल केली याच्याशी मानकाला कर्तव्य नाही. काही गोष्टी कंपायलर बनवणाऱ्याने ठरवून लिहून द्यायच्या असतात, काहींत दिलेल्या पर्यायांपैकी कोणताही चालतो, आणि काही केल्यास पुढे काहीही घडू शकते. या शेवटच्या वर्गावरून जाणकारांतही जोरदार वाद होतात; तरी ते वाद एकाच पोथीतल्या कलमांचे असतात. फर्मागुडीच्या गोवा अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्याला शंका आली, तर पाच ओळींचा प्रोग्रॅम दोन कंपायलरवर चालवून तो कलम उघडून बसू शकतो.

मोडेमच्या बाबतीत शंका कोणत्या दस्तऐवजातली, इथूनच शोध सुरू होतो. २००० च्या सुमारास पणजीत, म्हापशात, मडगावात ज्यांनी डायल-अप इंटरनेट वापरले, त्यांच्या कानांत तो जोडणीचा आवाज अजून असेल. नंबर लागला की पलीकडून लांब शिट्टी येई, मध्ये मध्ये टिचकी मारल्यासारखी. ही शिट्टी २१०० हर्ट्झची. ती व्ही.२५ मध्ये सांगितलेली आहे, आणि दर ४५० मिलिसेकंदांनी तिची कला (फेज), म्हणजे लहरीतली चढ-उताराची स्थिती, उलटते. लांब पल्ल्याच्या मार्गावर प्रतिध्वनी मारणारी उपकरणे बसवलेली असतात आणि कला उलटल्याचे ओळखून ती स्वतःला बंद करतात. मात्र त्यांनी काय ओळखावे हे ‘जी’ मालिकेतल्या जी.१६५ मध्ये लिहिले आहे. १९९४ च्या व्ही.८ ने त्याच शिट्टीवर १५ हर्ट्झचे हेलकावे चढवले, म्हणजे आपल्याला नवी बोलणी येतात अशी खूण. त्यानंतर पद्धत ठरवणारी बोलणी होतात ती सेकंदाला ३०० बिटांच्या व्ही.२१ वर, जे १९६४ चे आहे. सेकंदाला ३३,६०० बिट नेणाऱ्या व्ही.३४ मोडेमलाही तोंड उघडताना या जुन्या मानकाचा आधार लागतो. मग तारेची परीक्षा घ्यायला १५० ते ३७५० हर्ट्झच्या पट्ट्यातले २१ सूर एकदम वाजतात, खरखर सुरू होते, आणि वर चुका दुरुस्त करणारे व्ही.४२ व माहिती आवळणारे व्ही.४२ बिस येऊन बसते.

गोव्यात जमिनीचे कागद हाताळणाऱ्याला ही तऱ्हा परकी वाटणार नाही. जमिनीच्या नोंदीचा एक-चौदाचा उतारा हातात असला तरी तेवढ्यावर निकाल होत नाही. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता, वारसाहक्काचा २०१२ चा कायदा आणि दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्यांना संरक्षण देणारा १९७५ चा मुंडकार कायदा शेजारी ठेवूनच वकील मत देतो.

थर एकावर एक चढताना जुन्या व्याख्या कशा सरकतात, हे संगणक आणि मोडेम जोडणाऱ्या केबलमध्ये स्पष्ट दिसते. या जोडणीच्या आरएस-२३२ मानकातल्या २५ पिनांच्या कनेक्टरमध्ये ४ क्रमांकाची पिन संगणकाकडून ‘पाठवू का?’ असे विचारते आणि ५ क्रमांकाची मोडेमकडून ‘पाठव’ असे सांगते. एका वेळी एकाच दिशेने बोलणाऱ्या मोडेमसाठी ही सोय होती: विचारणा झाली की मोडेमने वाहक लहर सुरू करायची, ती स्थिरावली की होकार द्यायचा. दोन्ही दिशांनी एकदम बोलणारे मोडेम आल्यावर या परवानगीचे कारण उरले नाही. मग बाजाराने त्याच पिनेला दुसरे काम लावले: संगणकाचा बफर (आलेली माहिती तात्पुरती साठवण्याची जागा) भरत आला की पिन खाली आणायची, म्हणजे मोडेम थांबतो. मानकाने हा वापर मागाहून मान्य केला आणि व्ही.२४ मध्ये त्यासाठी १३३ क्रमांकाचे वेगळे सर्किट आले, पण प्रत्यक्षात ते त्याच पिनेवर बसले. त्यामुळे एखादा मोडेम कोणत्या अर्थाने मानकानुसार आहे, हे कनेक्टर पाहून कळत नाही. शिवाय व्ही.२४ फक्त सर्किटांची कामे सांगते, व्होल्टेज व्ही.२८ मध्ये आणि पिनांचे क्रमांक आयएसओ २११० मध्ये. ‘पाठवलेली माहिती’ ही २ क्रमांकाची पिन संगणकाच्या बाजूने नाव मिळालेली आहे, म्हणजे मोडेमसाठी ती आत येणाऱ्या माहितीची. हे ध्यानात न ठेवल्याने उलट जोडलेल्या केबलचा अनुभव कित्येकांना आहे.

सर्वांत खोल अडचण याहून निराळी आहे. व्ही.३४ पाठवणाऱ्याची बाजू काटेकोर बांधते, आणि ऐकणाऱ्याने तो संकेत कसा सोडवावा हे बरेचसे निर्मात्यावर सोपवते. हे शहाणपणाचेच आहे, कारण संकेत ऐकणारा चांगला भाग बनवण्याच्या चढाओढीतूनच मोडेम सुधारत गेले. पण पावसाळ्यात जोडपेटीत ओल शिरली, की सत्तरी किंवा काणकोण तालुक्यातल्या लांब तारेवर एक मोडेम वेग कमी करून तग धरतो आणि दुसरा सारखा तुटतो, आणि दोघेही मानकाला धरूनच असतात. चाचणीसाठी जोडण्यांचे नमुने व्ही.५६ बिस मध्ये दिले आहेत. भिजलेली खरी तार त्यांच्याशी जुळेलच असे नाही.

पडद्यावर उमटणारे ‘कनेक्ट ११५२००’ हेही असेच फसवे. १९८१ च्या हेज स्मार्टमोडेममुळे रूढ झालेल्या, मोडेमला द्यायच्या आज्ञा पुढे व्ही.२५० मध्ये आल्या, पण ‘कनेक्ट’नंतरचा मजकूर निर्मात्याच्या मर्जीवर राहिला. तो आकडा केबलवरचा वेग असू शकतो किंवा तारेवरचा. ११५२०० असेल तर तो नक्कीच केबलचा.

त्या आज्ञा मोबाइल मोडेममध्येही टिकून आहेत, मोबाइल जाळ्यांची मानके ठरवणाऱ्या थ्रीजीपीपी या संघटनेच्या २७.००७ या दस्तऐवजात त्यांची यादी सापडते. थ्रीजीपीपीने आपली मानके ‘रिलीज’ या क्रमाने एकत्र गोठवायला घेतल्यामुळे कोणत्या कागदाची कोणती आवृत्ती जोडीला वाचायची हा प्रश्न बराच सुटला. एलटीईचे, म्हणजे चौथ्या पिढीच्या मोबाइल जाळ्याचे, वाहिनीरचनेचे ३६.२११, संकेतनाचे ३६.२१२, कार्यपद्धतीचे ३६.२१३ आणि नियंत्रण संदेशांचे ३६.३३१ मात्र आजही एकत्र उघडूनच बसावे लागते. ऐकणाऱ्या मोडेमने किमान किती चांगले ऐकावे हे तिथे चाचण्यांतून बांधून दिलेले असते. ते कसे साधावे हे इथेही निर्मात्याकडेच आहे.