ग्रेट मोगल (हिरा)

औरंगजेबाच्या जवाहिरखान्यातील व इराणचा राजा नादिरशाह याच्या खुनानंतर (१७४७) बेपत्ता झालेला हिरा. गोवळकोंडा राज्यातील कोल्लूरच्या खाणीत तो बहुधा सतराव्या शतकाच्या मध्यास सापडला. गोवळकोंड्याचा वजीर मीर जुम्ला याने तो शाहजहानला नजर केला. त्या वेळी वजन ९०० रती होते, असे फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्न्ये सांगतो.

१६६५ मध्ये औरंगजेबाचा खजिनदार अकिलखान याने सोनेरी मुलाम्याच्या दोन तबकांतून जवाहीर आणवले. प्रत्येक नग तीनदा मोजून झाल्यावर पहिला हाच हिरा ताव्हेर्न्येच्या हाती दिला. गुलाबाच्या फुलासारखा घासलेला (रोझ) गोल घाट, एका बाजूस बराच उंच, खालच्या कडेला लहानसा खाचा, आत बारीक दोष. अर्धे कापलेले अंडे जणू. व्हेनिसचा कारागीर होर्तेन्सियो बोर्जियो याने तो घासून बराच वाया घालवला. मजुरी तर नाहीच, उलट १०,००० रुपये दंड झाला.

घासल्यानंतरचे वजन ३१९½ रती भरले. वादाचे मूळ इथेच आहे. बाबराने आपल्या आठवणींत नोंदलेला हिरा ८ मिस्काल, म्हणजे सुमारे ३२० रतींचा असल्याने दोन्ही एकच, असे काहींनी ठरवले. पण रती एक नव्हे. ताव्हेर्न्येची रती ⅞ कॅरटची असल्याने हिरा सुमारे २८० कॅरट होतो. साध्या गुंजेच्या रतीने बाबराचा जेमतेम १८६. ताव्हेर्न्येचा संपादक बॉल याने तुकडे काढून घटलेला हाच कोहिनूर मानला. हे मत ओढूनताणून वाटते.

नादिरशाहाने १७३९ मध्ये केलेल्या दिल्लीच्या लुटीत हिरा इराणला गेला असावा. जून १७४७ मध्ये खबूशानजवळील फतहाबादच्या छावणीत नादिरशाहाला त्याच्याच अंगरक्षकांच्या सरदारांनी रात्री तंबूत शिरून ठार केले. छावणीतील जेझुइट वैद्य बाझँ याच्या म्हणण्याप्रमाणे, इराणी रक्षकांना सकाळी पकडण्याचा हुकूम नादिरशाहाने अफगाण सरदारांना दिला होता आणि ही बातमी फुटली. पुतण्या अलीकुली (पुढे आदिलशाह) याचा हात होता, असे बहुतेक मानतात. पहाटे छावणी लुटली गेली. त्याच्या सैन्यातील अफगाण सरदार अहमदखान अब्दाली कंदाहारकडे निघून गेला. कोहिनूर त्याच्याकडे पोहोचला, ग्रेट मोगलचे नाव मात्र पुढे येत नाही.

मॉस्कोच्या क्रेमलिनमधील ऑर्लोव्ह हिरा (१८९.६२ कॅरट) हाच ग्रेट मोगल, हे मत त्यातल्या त्यात ग्राह्य आहे. त्याचा अर्ध्या अंड्याचा घाट ताव्हेर्न्येच्या वर्णनाशी जुळतो. सुमारे ९० कॅरटची तूट मात्र पुन्हा घासणीने झाली असे धरावे लागते.