बारा गाणी की पंधरा? 'व्हिलेज ग्रीन'च्या घडणीची पार्श्वभूमी

'द किंक्स आर द व्हिलेज ग्रीन प्रिझर्व्हेशन सोसायटी' हा 'द किंक्स' या ब्रिटिश रॉक बँडचा अल्बम 1968च्या उत्तरार्धात दोनदा निघाला. फ्रान्स, इटली, स्वीडन, नॉर्वे अशा देशांत शरदाच्या सुरुवातीला बारा गाण्यांची रेकॉर्ड दुकानांत लागली. ब्रिटनमध्ये 22 नोव्हेंबरला आली ती पंधरा गाण्यांची. दहा गाणी दोन्हींत आहेत. पहिल्या संचातली 'डेज' आणि 'मिस्टर साँगबर्ड' दुसऱ्यात गळाली आणि 'लास्ट ऑफ द स्टीम-पॉवर्ड ट्रेन्स', 'बिग स्काय', 'सिटिंग बाय द रिव्हरसाइड', 'अ‍ॅनिमल फार्म' आणि 'ऑल ऑफ माय फ्रेंड्स वेअर देअर' ही पाच नव्याने आली. या अल्बमबद्दल आजही जे वाद झडतात, त्यांतल्या बऱ्याच वादांचं मूळ या अदलाबदलीत आहे.

कल्पना मात्र जुनी. 'व्हिलेज ग्रीन' हे गाणं नोव्हेंबर 1966 मध्येच ध्वनिमुद्रित झालं होतं. ओबो, चेलो, व्हायोला आणि पिकोलो घेऊन केलेली ती रीतसर वाद्ययोजना अल्बममधल्या बाकीच्या गाण्यांना मिळाली नाही. गाणं दोन वर्षं पडून राहिलं. मधल्या काळात बँडची सिंगल्स (एकेका गाण्यासाठी काढलेल्या छोट्या रेकॉर्डी) जोरात होती ('वॉटर्लू सनसेट' 1967 मध्ये ब्रिटनच्या खपाच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर गेलं), आणि मुख्य गीतकार रे डेव्हिस बाजूला एका काल्पनिक गावाची गाणी साठवत होता. डिलन टॉमसच्या 'अंडर मिल्क वुड' या नभोनाट्यासारखं, एका गावातल्या माणसांचं काहीतरी करावं असं त्याच्या मनात होतं. म्हणून इथे वॉल्टर आहे, जॉनी थंडर आहे, मोनिका आहे, दुष्ट अ‍ॅनाबेला आहे. पण सलग कथानक नाही. कथानक नाही म्हणून हा 'कॉन्सेप्ट अल्बम' (एकाच कल्पनेभोवती गुंफलेला अल्बम) नव्हेच, असं म्हणणारे आहेत. त्यात फार दम नाही. जुने मित्र, जुने फोटो, जुनी इंजिनं आणि त्यांच्याबद्दलची ओढ खरी की स्वतःचीच फसवणूक, हा एकच धागा पंधराही गाण्यांत टिकून आहे.

इतकं अस्सल इंग्लिश वळणाचं काही लिहिलं जाण्यामागे एक बाहेरचं कारणही होतं. 1965च्या गोंधळाच्या दौऱ्यानंतर अमेरिकेतल्या वादकांच्या संघटनेने बँडला परवाने नाकारले आणि 1969 पर्यंत तिथले रंगमंच बंद राहिले. बाकीचे ब्रिटिश बँड अमेरिकी रस्त्यांवर होते तेव्हा हे लोक उत्तर लंडनमध्ये घरी होते. (त्याच 1965च्या जानेवारीत, ऑस्ट्रेलियाच्या वाटेवर बँड मुंबईत थांबला होता. पहाटे कामावर निघालेल्या मच्छीमारांचं गाणं गीतकाराच्या कानावर पडलं आणि त्यातून 'सी माय फ्रेंड्स' हे एकाच सुरावर गुंजत राहणारं गाणं झालं. 'व्हिलेज ग्रीन'मध्ये तो एकसुरी गुंजारव शोधायला जाऊ नये, सापडणार नाही.)

ध्वनिमुद्रण झालं लंडनमध्ये मार्बल आर्चजवळच्या, रेकॉर्ड कंपनीच्याच स्टुडिओत, चार ट्रॅकच्या (एका टेपवर चार स्वतंत्र मुद्रणं घेणाऱ्या) यंत्रांवर. चार ट्रॅकवर काम करायचं म्हणजे आधी ड्रम, बेस, गिटार आणि पियानो एकत्र वाजवून घ्यायचे, ट्रॅक भरले की ते मिसळून दुसऱ्या यंत्रावर उतरवायचे आणि मोकळ्या झालेल्या ट्रॅकवर गायन, कोरस, जादा वाद्यं चढवायची. प्रत्येक उतरवणीत टेपची सळसळ (हिस) वाढते आणि झांजांची धार बोथट होते. शिवाय एकदा ड्रम आणि बेस एका ट्रॅकवर बसले की नंतर ते वेगळे काढता येत नाहीत. ड्रम जरा मागे राहिले हे आठवड्याने लक्षात आलं, तरी इलाज नाही. स्टिरिओ मिक्समध्ये अख्खा ताल एकाच बाजूला ढकलल्यासारखा वाटतो, तो या पद्धतीमुळे. जाणकार मोनोकडे (सगळा आवाज एकत्र असलेल्या मिक्सकडे) वळतात त्याचं साधं कारण हेच.

वाद्यवृंदाच्या जागी मेलोट्रॉन आला. या वाद्यात प्रत्येक पट्टीखाली टेपची एक स्वतंत्र फीत असते. पट्टी दाबली की फीत पुढे सरकते आणि त्यावर आधीच मुद्रित केलेली बासरी किंवा तंतुवाद्यं ऐकू येतात. फीत साधारण आठ सेकंदांची. त्याआधी बोट उचलावंच लागतं, नाहीतर सूर मध्येच तुटतो. म्हणून मेलोट्रॉनवरचे स्वर लांबवर धरून ठेवता येत नाहीत, सतत बदलत ठेवावे लागतात. खूप पट्ट्या एकदम दाबल्या तर मोटरवर भार येऊन सूर डगमगतो. 'फिनॉमिनल कॅट'च्या सुरुवातीची बासरी याच यंत्रातली. त्या गाण्यातला चिमुकला आवाज मात्र टेपची करामत आहे: टेप हळू चालवून गायचं आणि नेहमीच्या वेगाने वाजवायचं, म्हणजे सूर वर चढतो आणि आवाज बारीक होतो. मेलोट्रॉन आणि पियानो बहुतांशी बाहेरून बोलावलेल्या वादकाने वाजवले. श्रेय पुरेसं मिळालं नाही, ही त्याची तक्रार पुढे जाहीर झाली, आणि ती रास्त होती.

आता मूळ मुद्दा. सप्टेंबर 1968 मध्ये बारा गाण्यांचा संच तयार होता, परदेशी टेपा रवाना झाल्या होत्या, आणि गीतकाराने ब्रिटनमधलं प्रकाशन थांबवलं. त्याला वीस गाण्यांचा दुहेरी अल्बम हवा होता, तोही एका रेकॉर्डच्या किमतीत. हे नुसतं हट्टाचं नव्हतं. पंधरा गाणी मिळून सुमारे 39 मिनिटं होतात, म्हणजे रेकॉर्डच्या एकेका बाजूला वीसच्या आत. तेवढं आरामात मावतं. त्याच सरासरीने वीस गाणी 52 मिनिटं झाली असती, म्हणजे एकेका बाजूला 26. इतकं कोंबलं की रेकॉर्डवरच्या खाचा एकमेकींना चिकटून कापाव्या लागतात, मग आवाजाची पातळी उतरवावी लागते, बेस छाटावा लागतो आणि खरखर वर येते. म्हणजे दोन रेकॉर्डींना पर्याय नव्हता. आणि दोन रेकॉर्डींचा छपाईखर्च एकीच्या किमतीत सोसायला कंपनी तयार नव्हती. तडजोड पंधरावर झाली. अमेरिकेसाठी आखलेला तिसराच संच ('फोर मोअर रिस्पेक्टेड जंटलमेन') शेवटी रद्द झाला.

या थांबवण्याने अल्बम बुडाला, असं सर्रास लिहिलं जातं. कारण 22 नोव्हेंबरलाच बीटल्सचा पांढऱ्या मुखपृष्ठाचा दुहेरी अल्बम आला. तारखेचा योगायोग सांगायला छान आहे, पण त्यावर फार भार टाकू नये. खरी अडचण सिंगलची होती. 'डेज' जूनअखेर आलं, बाराव्या क्रमांकापर्यंत पोचलं आणि शरद येईपर्यंत ओसरलं. ब्रिटनमध्ये या अल्बममधलं दुसरं सिंगल निघालंच नाही. 'स्टारस्ट्रक' निघालं ते युरोपात आणि अमेरिकेत, नेदरलँड्समध्ये चाललंही. म्हणजे नोव्हेंबरमध्ये रेडिओवर वाजण्यासारखं, दुकानात पाऊल वळवण्यासारखं काही नव्हतं. सप्टेंबरचा बारा गाण्यांचा संच निदान 'डेज'च्या पाठीवर बसून आला असता.

विक्रीचं गणित असं चुकलं. संगीताचं चुकलं नाही. 'स्टीम-पॉवर्ड ट्रेन्स' ऑक्टोबरमधलं. ब्रिटनच्या मुख्य मार्गांवरची वाफेची इंजिनं त्याच ऑगस्टमध्ये बंद झाली होती. जुन्या अमेरिकी ब्लूजची धून उचलून, शेवटाकडे वेग वाढवत नेलेलं हे गाणं अल्बममधलं सगळ्यात लांब आहे, आणि संग्रहालयात जाऊन बसायचं नाही असं म्हणणारं इंजिन म्हणजे बँडच, हे कळायला वेळ लागत नाही. 'बिग स्काय'मधलं अर्धं बोललेलं गायनही त्याच महिन्यातलं. ही दोन नसती तर अल्बम जास्त गोड आणि कमी कडू झाला असता. 'डेज' गेल्याची हळहळ आहेच: बाराच्या क्रमात पहिली बाजू त्या निरोपाच्या गाण्यावर संपते, तर पंधराच्या क्रमात नदीकाठच्या सुस्तीवर.

ब्रिटनच्या खपाच्या यादीत तेव्हा अल्बम आलाच नाही. 1969च्या सुरुवातीला तो अमेरिकेत निघाला. तिथे समीक्षकांनी उचलून धरला, खप जेमतेम. वसंतात बेसवादक बाहेर पडला. मे महिन्यात 'द हू' या दुसऱ्या ब्रिटिश बँडचा 'टॉमी' आला आणि 'रॉक ऑपेरा' (गाण्यांतून सलग कथा सांगणारा अल्बम) म्हणजे तेच, असं बाजाराने ठरवून टाकलं. गावाची कल्पना गीतकाराने सोडली नाही. 1973 आणि 1974 मध्ये 'प्रिझर्व्हेशन'चे दोन अंक त्याने काढले, पण ते पसरट झाले.

नंतरचा मान हळूहळू वाढला. नव्वदच्या दशकातल्या ब्रिटपॉप (ब्रिटिश गिटार-पॉप) बँडांनी आपलं मूळ इथे सांगितलं. 1998च्या सीडीत पंधरा गाण्यांचं मोनो आणि बारा गाण्यांचं स्टिरिओ शेजारी शेजारी आलं, आणि दोन्ही क्रम घरबसल्या ताडून पाहणं सोपं झालं. 2004 मध्ये तीन सीडींचा संच आला; त्याच वर्षी 'पिक्चर बुक' एका प्रिंटर कंपनीच्या जाहिरातीत वाजलं आणि मूळ रेकॉर्ड कधी न पाहिलेल्या लाखो लोकांपर्यंत गेलं. 2018 मध्ये, पन्नास वर्षं उलटल्यावर, ब्रिटनमधल्या एक लाख प्रतींसाठीची सुवर्ण तबकडी मिळाली. त्या वर्षी निघालेल्या पेटीबंद संचात दोन्ही क्रम आणि दोन्ही मिक्स आहेत. नवख्याने आधी पंधराचं मोनो लावावं, मग बारा.