तडकलेला मणी बहुधा कच्चा असतो

ओळखीच्या एका बाई पॉलिमर क्लेचे दागिने करतात. परवा त्यांनी डबाभर मणी माझ्यापुढे ओतले. मोठ्या बोराएवढे मणी, रंग सुरेख, पण निम्म्यांना भोकापासून निघालेली केसभर चीर. "जास्त भाजले गेले बहुतेक. आता ओटीजी ओव्हन शंभरावर ठेवते आणि पंधरा मिनिटांत काढते," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, तसं केलंत तर उरलेले निम्मेही तडकतील.

माझी निम्मी नोकरी पीव्हीसी पाइपच्या कारखान्यात, दर्जा तपासण्याच्या खोलीत गेली. त्या चिरा पाहून मला मण्यांपेक्षा पाइपच आठवले.

गोंधळाचं मूळ नावात आहे. 'क्ले' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे कुंभार येतो. मातीच्या भांड्यातलं पाणी उडून जातं, भांडं आकसतं, एक बाजू आधी सुकली तर भेग पडते. फेविकोल आणि कॉर्नफ्लॉर शिजवून घरी केलेली क्लेही अशीच सुकताना तडकते. त्या अनुभवावरून काही जण पॉलिमर क्लेलाही पाण्याचा हात लावतात, ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवतात. पण या क्लेमध्ये उडून जायला पाणीच नसतं. उलट घडीत अडकलेला पाण्याचा थेंब शंभर अंशांच्या वर वाफ होतो आणि मण्याला फोड आणतो.

ही माती नाहीच. हे आहे पीव्हीसी, म्हणजे आपल्या पाइपातलंच प्लास्टिक, बारीक भुकटीच्या रूपात. ती भुकटी प्लास्टिसायझर नावाच्या तेलकट द्रवात कालवलेली असते, शिवाय रंग आणि भर म्हणून थोडी खनिज पूड. जर्मनीतल्या बाहुल्या बनवणाऱ्या केटे क्रूझ यांच्या घरातून अशा मिश्रणाची सुरुवात झाली आणि 1960च्या दशकात ते 'फिमो' या नावाने बाजारात आलं. हल्ली कुणी हीच क्ले 'ऑरगॅनिक' म्हणून विकताना दिसलं की मला हसू येतं. सेंद्रिय रसायनशास्त्राच्या अर्थाने पाहिलं तर पीव्हीसीही सेंद्रियच की!

मग ओटीजीत नेमकं काय होतं? माझा आवडता भाग इथून सुरू होतो, तेव्हा जरा दम धरा.

कच्च्या क्लेमध्ये पीव्हीसीचे कण एकमेकांना चिकटलेले नसतात. तेलात भिजलेल्या रव्यासारखे ते नुसते शेजारी-शेजारी असतात. उष्णता लागली की कण प्लास्टिसायझर पिऊन फुगतात आणि एकमेकांना टेकतात. याला आम्ही जिलेशन म्हणतो. या टप्प्यावर मणी वरून घट्ट झालेला दिसतो आणि तिथेच फसगत होते. कण टेकलेत, पण जुळलेले नाहीत. खरं काम पुढे आहे: एका कणातल्या लांबलचक रेणुसाखळ्यांनी हद्द ओलांडून शेजारच्या कणात शिरायचं आणि तिथल्या साखळ्यांत गुंतून बसायचं.

एकेका साखळीत हजारभर दुवे. भोवती तशाच असंख्य साखळ्या, शिजलेल्या शेवयांच्या गोळ्यासारख्या. यातली एक शेवई बाजूला सरकू शकत नाही, कारण इतर वाटेत आहेत. ती फक्त स्वतःच्या लांबीच्या दिशेने, बिळातल्या सापासारखी सरपटू शकते. ही कल्पना फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ प्येर-जील द जेन यांनी 1971 मध्ये मांडली. 1991 चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं, त्यामागे बहुवारिकांवरचं, म्हणजे पॉलिमरवरचं, हे कामही होतं. त्यांच्या हिशेबाने साखळी दुप्पट लांब झाली तर तिला आपल्या बिळातून पूर्ण बाहेर पडायला आठपट वेळ लागतो. याच विचारावर उभं असलेलं आणखी एक गणित सांगतं की दोन पृष्ठभाग असे जुळताना सांध्याची ताकद सुरुवातीला वेळेच्या चौथ्या मुळाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे ताकद दुप्पट हवी तर वेळ सोळापट! पीव्हीसीत सूक्ष्म स्फटिकांच्या गाठीही असतात, त्यामुळे प्रत्यक्षात हिशेब इतका सरळ नसतो. पण तापमान वाढलं की हे सरपटणं झपाट्याने वाढतं, हे मात्र पक्कं. म्हणून तापमानाची तूट वेळ वाढवून सहसा भरून निघत नाही. शंभर अंशांवर पंधरा मिनिटांत साखळ्या कुठेच पोचत नाहीत.

पाइपात प्लास्टिसायझर नसतो, त्यामुळे तिथे याच कामाला 180 ते 200 अंश लागतात. कण नीट जुळलेत का हे पाहायला आम्ही पाइपचा तुकडा मेथिलीन क्लोराइडमध्ये बुडवायचो. कच्चा असेल तर त्याचा पृष्ठभाग उसवल्यासारखा व्हायचा. तो द्रव घरी आणायचा नाही, विषारी असतो. मण्यांसाठी सोपी परीक्षा आहे. त्याच क्लेची पातळ पट्टी मण्यांसोबत भाजा आणि पूर्ण गार झाल्यावर वाकवा. वाकली तर भाजली, खारीसारखी तुटली तर कच्ची. काही क्ले मुळातच कडक असतात, त्यांना ही परीक्षा जरा सवलतीने लावा.

आता चीर भोकापासूनच का निघते ते पाहू. बाईंनी मणी स्टीलच्या तारेवर ओवून भाजले होते. गार होताना पीव्हीसी स्टीलच्या पाच-सहापट आकसतं. शंभर अंशांच्या उतारात हा फरक साधारण अर्धा टक्का भरतो. मणी आकसू पाहतो, तार आकसू देत नाही, आणि भोकाच्या काठावर ताण येतो. नीट जुळलेलं मऊ पीव्हीसी याच्या कितीतरी पट ताणलं तरी तुटत नाही. कच्च्या मण्याला मात्र तेवढंही झेपत नाही, त्यातून सुईने काठावर आधीच ओरखडा पाडलेला असतो. म्हणून भोक पाडून तार काढून घ्यावी आणि मणी कॉर्नफ्लॉरच्या थरावर ठेवून भाजावेत. ते पीठ नंतर धुऊन जातं.

जाडीचंही एक गणित आहे. उष्णता आत पोचायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाने वाढतो. एक सेंटिमीटर व्यासाच्या मण्याचा गाभा तापायला चार-पाच मिनिटं लागली, तर तीन सेंटिमीटरच्या मण्याला त्याच्या नऊपट, म्हणजे पाऊण तासाच्या आसपास. तोवर वरचं कवच घट्ट होऊन बसलेलं असतं, मग आतला गाभा प्रसरण पावतो आणि कवच फाटतं. मोठ्या मण्यांच्या पोटात चुरगळलेल्या फॉइलचा गोळा भरतात तो यासाठी. क्लेचा थर पातळ राहतो, आणि फॉइल दाबली जात असल्याने तारेसारखी अडून बसत नाही. बर्फाच्या पाण्यात मणी टाकण्याचीही एक पद्धत आहे, पारदर्शक क्ले जास्त स्वच्छ दिसते म्हणून. मी जाड मण्यांना ते करत नाही. ओटीजी बंद करून दार न उघडता गार होऊ देतो.

पाकिटावरचा आकडा पाळा. फिमोला 110 अंशांवर अर्धा तास, 'स्कल्पी' या दुसऱ्या ब्रँडच्या क्लेला 130 अंशांवर दर सहा मिलिमीटर जाडीला 15 मिनिटं. ओटीजीच्या चकतीवर विश्वास ठेवू नका, आत वेगळा थर्मामीटर ठेवा. कांडीजवळचे मणी करपू नयेत म्हणून वरून फॉइलचा तंबू करा. तापमान फार चढलं तर पीव्हीसी तपकिरी पडतं आणि हायड्रोजन क्लोराइडचा घसा खवखवणारा वायू सोडतं. तसा वास आला की ओटीजी बंद करायचा आणि खिडक्या उघडायच्या.

आणि मे महिन्यात कुरिअरने क्ले मागवू नका. तापलेल्या गाडीत ती पाकिटातच अर्धवट जेल होते. मळताना रवाळ लागते, आणि ते रवे नंतर कितीही भाजलं तरी धड जुळत नाहीत.

जाता जाता: बाईंच्या डब्यात हुबेहूब पोवळ्यासारखे काही लाल मणीही होते. मागच्या प्रदर्शनात एकाने मंगळासाठी म्हणून त्यातला एक उचलला. हे प्लास्टिक आहे असं सांगूनही ऐकेना, आणि महिन्याने गुण आल्याचं कळवून गेला. मंगळाला प्रवाळ आणि पीव्हीसीतला फरक कळत नसावा.

न तडकलेले मणी आम्ही त्याच संध्याकाळी 130 अंशांवर चाळीस मिनिटं पुन्हा भाजले. ही क्ले दुसऱ्यांदा भाजता येते. तडकलेल्यांचं तसं नाही, कारण चिरेच्या दोन्ही काठांमध्ये हवा आहे आणि साखळ्यांना पलीकडे जायला रस्ताच नाही. बाईंनी त्या चिरांत द्रवरूप क्ले भरली आणि तो घाणा वेगळा लावला. त्यातले दोन पुन्हा तडकले. दोन्ही त्यांनी सवयीने तारेवरच ओवले होते.