हृदयविकाराच्या दीर्घकालीन जोखमीचे भाकीत

ज्यांना अजून हृदयविकार झालेला नाही अशा प्रौढांना पुढील 10 ते 30 वर्षांत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा हृदय निकामी होणे यांपैकी काही होण्याची शक्यता टक्क्यांत काढण्याची पद्धत. आधीच आजार असलेल्यांना हे गणित लागू नाही. त्यांची जोखीम मुळातच जास्त धरली जाते.

या पद्धतीचा पाया अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम गावात 1948 मध्ये सुरू झालेल्या अभ्यासाने घातला. त्यात 5,209 स्त्री-पुरुषांचा दशकानुदशके पाठपुरावा झाला. वय, लिंग, वरचा रक्तदाब, एकूण आणि एचडीएल (‘चांगले’) कोलेस्टेरॉल, धूम्रपान, मधुमेह ही आजच्याही समीकरणांतली मुख्य मापे आहेत. ब्रिटनचे क्यूरिस्क, युरोपचे स्कोअर-2 (2021) आणि अमेरिकेचे प्रिव्हेंट (2023) ही आज वापरातली समीकरणे. प्रिव्हेंटने मूत्रपिंडांचे कार्य हिशेबात घेतले आणि वंश वगळला.

गणित असे चालते : प्रत्येक घटकाला ठरावीक भार देऊन, सरासरी माणसाच्या तुलनेत या व्यक्तीची जोखीम किती पट आहे ते काढतात. मग सरासरी माणूस 10 वर्षे आजाराविना राहण्याचे प्रमाण तितक्या घाताला चढवून ते 1 मधून वजा करतात. समजा हे प्रमाण 0.95 आहे आणि व्यक्तीची जोखीम दुप्पट आहे. 0.95 चा वर्ग 0.9025, म्हणजे जोखीम 9.75 टक्के. ज्या देशात तेच प्रमाण 0.90 आहे, तिथे त्याच व्यक्तीचा आकडा 19 टक्के येतो. म्हणून परक्या देशाचे समीकरण जसेच्या तसे उचलणे ही या क्षेत्रातली सर्वांत महागात पडणारी चूक आहे. भार बहुधा टिकतात. पायाभूत प्रमाण आणि घटकांच्या सरासऱ्या मात्र त्या देशाच्याच नोंदींवरून बसवाव्या लागतात. याला अंशशोधन म्हणतात. स्कोअर-2 ने यासाठीच युरोपातील देशांचे चार गट केले.

दहा वर्षांच्या आकड्यावर वयाचा पगडा असतो. सत्तरीतला निरोगी, धूम्रपान न करणारा पुरुषही केवळ वयामुळे औषधांचा विचार करण्यासाठी अमेरिकेत वापरली जाणारी 7.5 टक्क्यांची रेषा ओलांडू शकतो. उलट पस्तिशीतल्या, रक्तदाब वाढलेल्या धूम्रपानी स्त्रीचा आकडा अगदी लहान दिसतो आणि तिला खोटा दिलासा मिळतो. तिची खरी स्थिती 30 वर्षांच्या आकड्यात दिसते; प्रिव्हेंटमध्ये तो 30 ते 59 वयासाठी काढता येतो. मात्र मुदत लांबली की इतर कारणांनी होणारे मृत्यू मध्ये येतात. ते वगळून हिशेब केला तर जोखीम फुगते.

संपूर्ण देशाचे चित्र हवे असल्यास राष्ट्रीय आरोग्य सर्वेक्षणातील प्रत्येक नमुना-व्यक्तीची जोखीम काढून तिला सर्वेक्षणाचा भारांक (ती व्यक्ती देशातील किती जणांच्या जागी धरायची तो आकडा) लावतात. इथे साध्या गोष्टी घात करतात. रक्तदाब पाच मिनिटे शांत बसल्यावर, निदान दोनदा मोजून सरासरी घ्यावी. कोलेस्टेरॉलचे एकक तपासावे : 1 मिलिमोल प्रति लिटर म्हणजे सुमारे 38.7 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. तपासणीसाठी रक्ताचा नमुना न दिलेल्यांना सरळ वगळू नये, कारण ते बाकीच्यांसारखेच असतील असे नाही. शेवटी लोकांचे जोखमीनुसार दहा गट पाडून प्रत्येक गटातले भाकीत आणि प्रत्यक्ष घडलेले आजार शेजारी मांडतात. एकंदर बेरीज जुळूनही वरच्या गटांत तफावत राहू शकते, आणि औषधे द्यायची की नाही हा निर्णय बहुधा त्याच गटांत घ्यायचा असतो.