कोकण किनारा सायकल सफर (रेवस ते रेडी)

रायगड जिल्ह्यातल्या रेवस-मांडव्यापासून सिंधुदुर्गातल्या रेडीपर्यंत, समुद्र शक्यतो उजव्या हाताला ठेवून, रोज मुक्काम करत सायकलने जायचा मार्ग. सायकलसाठी म्हणून वेगळा आखलेला, पाट्या लावलेला असा हा रस्ता नाही. सागरी महामार्ग म्हणतात तो, त्याला जोडणारे गावरस्ते आणि मधल्या खाड्यांवरच्या फेरीबोटी असं सगळं मिळून तो बनतो. रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या तीन जिल्ह्यांतून जातो. बहुतेक लोक सहा ते आठ दिवसांत करतात. इथलं नियोजन किलोमीटरवर कमी आणि खाडीवर जास्त अवलंबून असतं, म्हणून या नोंदीतही खाड्यांनाच जास्त जागा दिली आहे.

मार्गाचा उगम. सह्याद्रीतून निघणाऱ्या नद्या लांबीला कमी पण मुखाशी रुंद, त्यामुळे दर तीस-चाळीस किलोमीटरला किनारा तुटतो: कुंडलिका, राजपुरीची खाडी, सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री, पुढे मुचकुंदी, वाघोटण, कर्ली, तेरेखोल. उत्तर-दक्षिण सलग रस्ता इतका उशिरा का झाला याचं कारण नेहमी या खाड्याच सांगितल्या जातात, पण ते अर्धंच वाटतं. खरं कारण असं दिसतं की रस्त्याची गरजच आगबोटीने भागवली होती. मुंबईहून निघालेली बोट हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला करत पणजीला जायची, बऱ्याच बंदरांत ती बाहेरच उभी राहायची आणि माणसं पडावातून किनाऱ्याला यायची. पावसाळ्यात हे सगळं बंद. १७ जुलै १९४७ ला मुंबईहून रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली, तरीही त्यानंतर कित्येक वर्षं बोट हेच कोकणी माणसाचं मुख्य वाहन राहिलं. बोटी साधारण १९८० च्या दशकाच्या आसपास थांबल्या असं धरतात.

सागरी महामार्गाची कल्पना नेमकी कोणाची यावर मतं वेगळी आहेत. सर्वसाधारण समज असा की बॅ. ए. आर. अंतुले मुख्यमंत्री असताना (१९८०–८२) ती पुढे आली, आणि ते स्वतः सावित्रीच्या काठच्या आंबेतचे असल्याने हे पटण्यासारखंही आहे. दुसरं मत असं की बंदरं जोडणारे तुकडे आधीपासून होतेच, अंतुल्यांच्या काळात त्यांना एक नाव आणि एक दिशा मिळाली. सायकलवरून हा रस्ता बघितला तर दुसरं मत जास्त बरोबर वाटतं, कारण रुंदी, डांबर आणि वळणं दर तालुक्याला बदलतात, हा एकाच हाताने आखलेला रस्ता नाही हे पायांना कळतं.

बंदरांचा क्रम मात्र फार जुना. पहिल्या शतकातल्या म्हणून मानल्या जाणाऱ्या पेरिप्लस या ग्रीक प्रवासग्रंथात कल्याणच्या खालची बंदरं ओळीने दिली आहेत. त्यातलं सेमुल्ला म्हणजे चौल यावर फारसा वाद नाही. पुढचं मंदगोरा कुठलं यावर आहे. शॉफच्या १९१२ च्या भाषांतरात ते बाणकोट धरलंय, इतर काही जण राजपुरी खाडीवरचं मांदाड म्हणतात. मांदाडजवळच्या कुडा लेण्यांतल्या शिलालेखांत मांदव हे नाव महाभोज या स्थानिक अधिपतींच्या संदर्भात येतं, ते बघता मांदाडचं पारडं थोडं जड वाटतं. पुढचं पालैपत्मै म्हणजे दाभोळ आणि मेलिझेइगारा म्हणजे जयगड ही शॉफची ओळखही अशीच, सोयीची पण पक्की नाही. सायकलवाल्याला यातून एवढंच मिळतं की आजचे मुक्काम आणि तेव्हाची बंदरं बरीचशी त्याच खाड्यांच्या तोंडाशी आहेत.

लांबी. रेवस–रेडी रस्त्याची लांबी रस्ते विकास महामंडळाच्या अलीकडच्या आखणीत ४९८ किमी दिली जाते, जुन्या उल्लेखांत ५४० च्या आसपास आकडा दिसतो. फरक पडतो तो पूल झाले असं धरलं की नाही यामुळे. किनाऱ्याच्या लांबीचंही तसंच: शाळेत सगळे ७२० किमी शिकलो, जुन्या केंद्रीय आकड्यात महाराष्ट्राचा किनारा ६५२.६ होता आणि नव्या मोजणीत तो ८७७.९७ झाला. समुद्र वाढलेला नाही, खाड्यांचे वळसे जास्त बारकाईने मोजले एवढंच. नियोजनाला यातला कुठलाच आकडा जसाच्या तसा घेऊ नये. गावात शिरणं, किल्ल्यापर्यंत जाऊन परत येणं, चुकलेले फाटे हे सगळं मिळून सव्वापाचशे-साडेपाचशे धरलेलं बरं.

खाड्या आणि फेरीबोटी. उत्तरेकडून जाताना मुंबईच्या भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला रो-रो बोट आहे (मार्च २०२० पासून), सायकल तिच्यावर सहज जाते. करंजा–रेवस ही जुनी लाँच, तिचं गणित गाळ आणि ओहोटीवर. कुंडलिकेवर रेवदंडा–साळाव पूल. मग आगरदांडा–दिघी, बागमांडला–वेसवी, दाभोळ–धोपावे, तवसाळ–जयगड अशा चार फेरीबोटी, ज्यांच्यावर गाड्याही जातात. जयगडच्या खाली पुढच्या बऱ्याच खाड्यांवर पूल आहेत आणि शेवटी तेरेखोलवर पुन्हा बोट, पलीकडे गोव्यातलं केरी. फेरीबोटींच्या त्या चार मोठ्या खाड्यांवर पूल बांधायच्या घोषणा आणि कामं चालू आहेत, बाणकोटच्या (वेसवीजवळच्या) पुलाचे खांब तर वर्षानुवर्षं नुसते उभे होते.

बोट बंद असली तर काय, हा प्रश्न घरून निघतानाच सोडवून ठेवायचा. वेसवीची बोट नसेल तर मागे फिरून म्हसळा, आंबेत, म्हाप्रळ, मंडणगड असं जावं लागतं आणि अख्खा दिवस जातो. दाभोळची नसेल तर दापोली, खेड, चिपळूण करून गुहागर, म्हणजे सव्वाशे किलोमीटरच्या पुढे, त्यात समुद्र कुठेच नाही आणि हायवेचे ट्रक भरपूर. तवसाळला त्यामानाने बरं, भातगावचा पूल खाडीच्या वरच्या अंगाला आहे. म्हणून आदल्या संध्याकाळी मुक्कामाच्या मालकाला विचारायचं, "उद्या सकाळची बोट आहे ना?" नकाशातल्या ॲपपेक्षा हे उत्तर खात्रीचं.

भरतीचं गणित. मोठ्या फेरीबोटी बहुतेक वेळा भरती-ओहोटी न बघता चालतात, पण उधाणाच्या (पौर्णिमा-अमावस्येच्या) ओहोटीला धक्क्याचा उतार उघडा पडतो, शेवाळ असतं, बोट थांबते किंवा लांब लागते. लहान लाँचचं तर बोलूच नका. किनाऱ्यावरचा ठोकताळा सोपा आहे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची, ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन वाजता भरती, सुमारे सहा तासांनी म्हणजे नऊला ओहोटी. अष्टमीला सहाला भरती, बाराला ओहोटी. पौर्णिमा-अमावस्येला पंधरा धरून सव्वाअकरा.

हा हिशोब थोडा चुकतो आणि का चुकतो ते बघण्यासारखं आहे. भरतीची वेळ तीस तिथ्यांत चोवीस तास फिरते, म्हणजे तिथीला ४८ मिनिटं, आणि पाऊणपट म्हणजे ४५. दर तिथीला तीन मिनिटं मागे पडत पडत पंधरवड्याच्या शेवटी पाऊण तासाची तूट येते, प्रतिपदेला हिशोब पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो म्हणून ती कोणाच्या लक्षात येत नाही. ४८ ने गुणलं तर पौर्णिमेला बरोबर बारा येतात आणि गणित म्हणून हेच जास्त शुद्ध. पण भरती दक्षिणेकडून वर सरकते, मालवण-वेंगुर्ल्याला ती मुंबईच्या आधी येते, त्यामुळे तळकोकणात जुना पाऊणपटीचा हिशोब पुरेसा चालतो. तंतोतंत वेळ हवी असेल तर छापील भरती-तक्ता बघावा.

यातून नियोजनाला उपयोगी गोष्ट निघते ती अशी. उधाणाच्या दिवसांत, म्हणजे पौर्णिमा-अमावस्येच्या मागेपुढे, तळाची ओहोटी सकाळी आणि संध्याकाळी पाच-सहाच्या सुमाराला येते, नेमकी पहिल्या आणि शेवटच्या बोटीच्या वेळेला. अष्टमीच्या आसपास ओहोटी दुपारी असते पण भांगाची, म्हणजे लहान भरती-ओहोटीची, पाणी फार उतरत नाही. त्यामुळे लांब टप्प्याचे दिवस भांगावर टाकावेत. भरती-ओहोटीतला फरक मुंबईला उधाणाला चार-साडेचार मीटरच्या आसपास आणि गोव्याकडे दोनच्या आसपास, म्हणून ही सगळी काळजी जयगडच्या वर जास्त, खाली कमी. ज्यांना पुळणीवरून सायकल न्यायची हौस असते त्यांनाही हेच गणित लागतं, ओली वाळू घट्ट असते, सुक्या वाळूत चाक रुततं. नंतर चेन गोड्या पाण्याने धुतली नाही तर दोन दिवसांत गंज येतो.

चढ. नकाशात किनारा सपाट दिसतो, तसा तो नाही. दोन खाड्यांच्या मध्ये जांभ्याचा सडा (दगडी पठार) असतो, रस्ता खाडीतून वर सड्यावर चढतो, थोडा सपाट जातो आणि पुन्हा खाली उतरतो. चढ शंभर-दीडशे मीटरचेच पण आठ-दहा टक्क्यांचे, आणि दिवसात असे सहा-सात. पुढे २८ दात आणि मागे ३२ दात असा गिअर लावून मिनिटाला साठ पायडल मारले तर वेग ताशी सातच्या थोडा खाली येतो. सामान धरून ९५ किलो वजन दहा टक्के चढावर या वेगाने न्यायला पावणेदोनशे वॅटच्या आसपास ताकद लागते, सराव असलेल्या माणसाला ती पाच-दहा मिनिटं जमते. पुढे ३४ आणि मागे २५ असेल तर तोच चढ उतरून ढकलत न्यावा लागतो, त्यात कमीपणा काही नाही पण उन्हात वेळ जातो. उतारावर ब्रेकचे पॅड लवकर झिजतात, जास्तीचा जोड जवळ असावा.

टप्पे. रूढ वाटणी अशी: मांडवा ते दिवेआगर, श्रीवर्धन करून वेसवी, केळशी, आंजर्ले-हर्णै, दाभोळ ओलांडून गुहागर, वेळणेश्वर, हेदवी, जयगड करून गणपतीपुळे, रत्नागिरी, पावस, पूर्णगड, जैतापूर, मग विजयदुर्ग किंवा देवगड, कुणकेश्वर, आचरा, मालवण, शेवटी वेंगुर्ला, शिरोडा, रेडी. रोजचे साठ ते पंच्याण्णव किलोमीटर. दिवेआगरहून श्रीवर्धनला जाणारा आरवी-कोंडविलचा रस्ता आणि गणपतीपुळ्याखालचा आरे-वारे हे दोन तुकडे सगळ्यात देखणे, तिथे वेळ जातोच, तो धरूनच टप्पा आखावा. मुरुड दोन आहेत, जंजिऱ्याजवळचं रायगडातलं आणि दापोलीजवळचं रत्नागिरीतलं, खोली बुक करताना कुठलं ते विचारून घ्यावं, ही गफलत पुष्कळांची होते.

हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. हिवाळ्यात दुपारनंतर वारा वायव्येकडून येतो म्हणून उत्तरेकडून दक्षिणेला जाणाऱ्याला तो पाठीवर मिळतो, उलट दिशेने येणारे फार थोडे. पावसाळ्यात लहान बोटी बंद, शिवाय १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी, म्हणजे ताटात ताजं पापलेटही नाही. ख्रिसमसच्या आठवड्यात खोल्या मिळत नाहीत, मिळाल्या तर दर ऐकवत नाहीत.

सामान आणि दुरुस्ती. मागच्या कॅरिअरवर आठ-दहा किलोच्या वर वजन नको, मागच्या चाकाच्या तारा तुटतात. टायर ३२ ते ४० मिमी. गावातला सायकलवाला पंक्चर उत्तम काढतो पण प्रेस्टा (बारीक तोंडाच्या) व्हॉल्व्हला लागणारं ॲडाप्टर आणि ७०० च्या ट्यूब त्याच्याकडे क्वचित असतात, रत्नागिरीशिवाय भरवसा धरू नये. पैसे थोडे रोख ठेवावेत, खाडीच्या तोंडाशी रेंज जाते.

परतीचा प्रवास. २६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली आणि एकेरी सफर सोपी झाली. रेडीहून सावंतवाडी, तेरेखोल ओलांडलं तर थिवी ही सोयीची स्टेशनं. सायकल गार्डाच्या डब्यात पार्सल म्हणून जाते, स्टेशनवर लवकर पोचून पावती करावी लागते, पुढचं चाक काढून पुठ्ठा बांधलेला बरा. तीच गाडी लहान स्टेशनवर दोन मिनिटं थांबत असेल तर पार्सल घेतीलच असं नाही, त्यामुळे पुष्कळ जण खाजगी बसच्या डिकीत टाकतात. एसटीच्या टपावर सायकल टाकायची जुनी सोय नव्या गाड्यांच्या टपावर सामानाची जागाच नसल्याने जवळजवळ गेली.