शब्दाच्या पोटातला क्रूस

रोमच्या भुयारी दफनभूमींतली सुरुवातीची ख्रिस्ती चित्रं पाहिली, तर मासा दिसतो, जहाजाचा नांगर दिसतो, खांद्यावर मेंढरू घेतलेला मेंढपाळ दिसतो. क्रूस मात्र फार क्वचित. क्रुसावर चढवणं ही गुलामांची आणि बंडखोरांची शिक्षा होती आणि लोकांनी ती डोळ्यांनी पाहिलेली होती. पॅलाटाइन टेकडीवर कुणीतरी खरडलेल्या चित्रात गाढवाच्या तोंडाचा माणूस क्रुसावर आहे. खाली ग्रीकमध्ये लिहिलंय, ‘अलेक्सामेनोस देवाला पूजतो’. ही उघड टवाळी होती.

श्रद्धेने काढलेला क्रूस शोधायचा, तर भिंती सोडून हस्तलिखितांकडे वळावं लागतं. जिनिव्हाजवळ बोडमर ग्रंथालयात ईजिप्तमधून आलेली पपायरसची एक पोथी आहे, योहानाच्या शुभवर्तमानाची. अभ्यासक तिला ‘पी ६६’ म्हणतात. क्रूस या अर्थाचा ‘स्टाउरोस’ हा शब्द लेखनिक तिथे आखडून लिहितो, वर आडवी रेघ देतो आणि त्यातली टाउ (Τ) व ऱ्हो (Ρ) ही अक्षरं एकमेकांवर चढवतो. उभा दांडा दोघांचा एकच, आडवी दांडी टाउची, माथ्याचा गोल ऱ्होचा. नीट पाहिलं की हात पसरून टांगलेला, डोकं असलेला माणूस दिसतो! या चिन्हाला स्टाउरोग्राम म्हणतात. नव्या कराराचे अभ्यासक लॅरी हर्टाडो यांच्या मते क्रुसावरच्या येशूचं हे सर्वांत जुनं दृश्यरूप. मला ते पटतं, कारण ही जोडणी नेमकी क्रुसाच्याच शब्दात येते.

टाउ-ऱ्होचं हे जोडाक्षर मात्र ख्रिस्ती लोकांनी घडवलेलं नाही. यहुदियाच्या हेरोद राजाच्या नाण्यांवर ते येशूच्या जन्माआधीच आहे. जुनं चिन्ह उचलून त्यांनी नवा अर्थ भरला, आणि पुढे आणखी अर्थ चढत गेले. ग्रीक अक्षरं आकड्यांसाठीही वापरत. ऱ्हो म्हणजे १००. सिरियाचा ख्रिस्ती संतकवी एफ्रेम याच्या नावावरचं एक लिखाण सांगतं, ‘बोएथिया’ म्हणजे साहाय्य, या शब्दातल्या अक्षरांची बेरीजही १००च (२+७०+८+९+१०+१). टाउ म्हणजे क्रूस, ऱ्हो म्हणजे साहाय्य; म्हणून चिन्हाचा अर्थ: क्रुसात साहाय्य आहे.

खरा वाद वयाचा आहे. अशा पोथ्यांचं वय बहुतेक वेळा अक्षरांच्या वळणावरून ठरतं आणि त्यात शतकभराचा फरक सहज पडू शकतो. पी ६६ साधारण इ.स. २०० ची मानली जाते. हस्तलिखितांचे अभ्यासक ब्रेंट नॉन्ग्ब्री तिला चौथ्या शतकापर्यंत अलीकडे आणतात. ते खरं ठरलं, तर ही पोथी ख्रिस्ती धर्माला राजाश्रय देणाऱ्या रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनच्या काळात जाऊन पडेल. मग त्याच्या आधीचा पुरावा म्हणून डब्लिनमधल्या ‘पी ४५’ या शुभवर्तमानांच्या पपायरस पोथीवर सगळी भिस्त येते. तिसऱ्या शतकातल्या मानल्या जाणाऱ्या त्या पानांवरही स्टाउरोग्राम आहे.